पाल उठलं, दप्तराचं काय?

व्याख्यान संपलं की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा माणूस वाईट नसतो, उलट त्यानं कुणा गरीब मुलाची फी स्वतःच्या खिशातून भरलेली असते. तो म्हणतो, "पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारची खिचडी फुकट. मग सिग्नलवर गजरे विकणारी ती पोरं शाळेत का जात नाहीत?" शेजारचे गृहस्थ लगेच पुस्ती जोडतात, "आईबापांनाच नको असतं हो!"

या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली असते. शाळा तिथं उभी आहे, दार उघडं आहे, मुलानं फक्त जायचं आहे. पण ज्याचं घरच आज कुर्डुवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ आणि पंधरवड्यानं बार्शीच्या बाजारतळावर असतं, त्यानं नेमकं कुठल्या शाळेत जायचं? या प्रकरणात आपण हा प्रश्न सोडवून बघू. उत्तर एका वाक्याचं नाही, पण अवघडही नाही.

१. आधी नावांचा घोळ

आपल्या बोलण्यात 'भटके', 'विमुक्त' आणि 'आदिवासी' हे शब्द एकाच पोत्यात भरलेले असतात. ते आधी वेगळे करू, कारण सवलत, दाखला, वसतिगृह हे सगळं पुढं या शब्दांवरच ठरतं.

'भटके' म्हणजे पोटासाठी फिरणारे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला, त्यात त्यांनी यांना 'फिरस्ते' म्हटलं आहे. नंदीवाले, गोंधळी, वासुदेव, कुडमुडे जोशी, घिसाडी, वैदू, डोंबारी, मसणजोगी हे सगळे त्यातले. गावात त्यांचं काम असे, पण घर नसे.

'विमुक्त' म्हणजे सोडवलेले. कशातून? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्मलं की माणूस जन्मतःच संशयित. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती होत्या. लोक अजूनही त्या भागाला 'सेटलमेंट'च म्हणतात. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि ही माणसं पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. म्हणून ते ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

तिसरा शब्द 'आदिवासी'. सरकारी भाषेत ही अनुसूचित जमात. 'भटकी जमात' यात 'जमात' हा शब्द असला तरी ती अनुसूचित जमात नव्हे. महाराष्ट्रात विमुक्त व भटक्यांना ११ टक्के आरक्षण आहे: विमुक्त जातींना ३, भटक्या जमाती ब गटाला २.५, धनगरांना ३.५ आणि वंजाऱ्यांना २. ही महाराष्ट्राची व्यवस्था. सीमा ओलांडली की हिशेब बदलतो. बंजारा समाज आपल्याकडे विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. एवढं लांब जायलाही नको. कैकाडी विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. फासेपारधी अनुसूचित जमात, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त. अमरावतीचा कैकाडी मुलगा आणि त्याचा साताऱ्याचा मामेभाऊ शिष्यवृत्तीच्या दोन वेगळ्या खिडक्यांसमोर उभे असतात. जे लोक जिल्हे ओलांडत जगतात, त्यांच्याच ओळखीला आपण जिल्ह्यांच्या हद्दी घातल्या, हे मला कायम चमत्कारिक वाटत आलं आहे.

२. भटकणं म्हणजे भरकटणं नव्हे

दुसरा गैरसमज असा, की ही माणसं वाट फुटेल तिकडे जातात. तसं असतं तर शाळेनं खरंच हात टेकले असते.

आषाढी वारीची पालखी आठवा. लाखो माणसं चालतात, पण मुक्काम कुठं, रिंगण कुठल्या तळावर, कुठल्या दिवशी कुठलं गाव, सगळं ठरलेलं. भटक्यांचं फिरणं याच जातीचं. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी तिरमल नंदीवाल्यांचं फिरणं तपासलं, तेव्हा दिसलं की कुठल्या कुटुंबानं कुठल्या गावांत जायचं याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एकाच्या गावात दुसऱ्यानं नंदी नाचवायचा नाही. पावसाळ्यात एका ठिकाणी थांबायचं, दसऱ्याच्या आगेमागे निघायचं. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार, रंगपंचमीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा. तिथं नातेवाईक भेटणार, सोयरिकी जुळणार. कॅलेंडर भिंतीवर नाही, पण आहे.

आता या जुन्या फिरण्यात एक मोठा बदल झाला. घिसाड्याचं काम तयार अवजारांनी नेलं, कैकाड्याच्या टोपल्या प्लॅस्टिकनं, वडाराची पहार जेसीबीनं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गारुड्याची टोपली बंद झाली आणि १९९८ मध्ये अस्वल, माकडं नाचवण्यावर बंदी आली, तेव्हा दरवेशी आणि माकडवाले एका अधिसूचनेनं बेकार झाले. प्राण्यांच्या बाजूनं हे योग्यच झालं. पण अस्वलांसाठी पुनर्वसन केंद्रं निघाली आणि अस्वलवाल्याच्या पोराचं काय, हे कुणी फारसं विचारलं नाही. ही कुटुंबं मग ऊसतोडीला, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर गेली, नाही तर शहराच्या चौकात आली. जुन्या फिरण्याला निदान ठरलेलं वेळापत्रक होतं. नवं फिरणं मुकादमाच्या फोनवर चालतं.

म्हणून मुलाला शाळेत घालायचं असेल तर पहिला प्रश्न 'तुम्ही थांबत का नाही?' हा नसावा. तो असावा, 'तुम्ही कधी, कुठून, कुठं जाता?'

३. मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

एक हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान २०० दिवस भरायला हवी. समजा, नंदीवाल्यांच्या घरातली एक मुलगी आहे. तिला चिमी म्हणू. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. चिमीचं बिऱ्हाड पावसाळ्याच्या मुक्कामी पोचेपर्यंत आणि नाव पुन्हा हजेरीवर चढेपर्यंत पंधरा दिवस जातात. दसऱ्याला बिऱ्हाड निघतं. सुट्ट्या वजा केल्या तर तिच्या हाती सुमारे ७० दिवस येतात.

२०० पैकी ७०, म्हणजे ३५ टक्के. पाच वर्षांत १,००० दिवसांऐवजी ३५०. पाचवी 'झालेल्या' चिमीनं पुरती दोन वर्षंही शाळा पाहिलेली नसते.

पण खरी मेख आकड्यात नाही. तिचे बुडालेले दिवस वर्षभर विखुरलेले नाहीत. दरवर्षी तोच अर्धा भाग बुडतो. एखाद्यानं प्रत्येक सिनेमा मध्यंतरापर्यंतच पाहावा, तसं. समजा, तिच्या शाळेत दिवाळीआधी गुणाकार शिकवतात आणि दिवाळीनंतर भागाकार. मग चिमी दरवर्षी गुणाकार नव्यानं शिकते आणि भागाकार तिला कधीच भेटत नाही. पुढच्या जूनमध्ये गुरुजी भागाकाराचं उदाहरण फळ्यावर घालतात, चिमी गप्प बसते आणि वर्गात तिच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. मठ्ठपणाचा इथं काही संबंध नाही. बाजारतळावर चिल्लर मोजायला तीच पुढं असते.

पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत, त्यामुळे ही तूट झाकली जायची. २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. झाकण निघालं, आता तूट भरायची सोय हवी. ती सोय कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं, की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. या कलमाचा पहिला अर्धा भाग शाळा लगेच पाळतात, कारण त्याला एक रकाना भरावा लागतो. दुसऱ्या अर्ध्याला माणूस लागतो.

४. कागद मागं राहतो

तुमचा मोबाईल नंबर कंपनी बदलली तरी तोच राहतो. रेशन आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही घेता येतं. मग तिसरीतल्या मुलाची जागा एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात का जात नाही?

जाऊ शकते, शिक्षण हक्क कायद्यानं तर नक्कीच. इथं तीन गोष्टी समजून घ्यायच्या.

पहिली, वयाचा पुरावा. पालात, म्हणजे कापडी तंबूत, जन्मलेल्या मुलाची नोंद बहुधा नसते. आईला विचारलं तर ती सांगते, "मढीच्या जत्रेच्या आधी झाला, त्या साली पाऊस लई होता." कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

दुसरी, शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे टीसी म्हणतात. कलम ५ प्रमाणे मूल दुसऱ्या शाळेत जायचं म्हटलं तर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा. आणि दाखला यायला वेळ लागला, तरी त्या कारणानं नव्या शाळेला मुलाला दाराबाहेर ठेवता येत नाही.

तिसरी, अर्ध्या वर्षात प्रवेश. वर्ष सुरू होऊन गेलं तरी मुलाला घ्यावंच लागतं, हे कलम १५.

कायदा इतका स्वच्छ असताना अडतं कुठं? २०१५ मध्ये 'सरल' ही संगणकीय नोंदवही आली. प्रत्येक मुलाला क्रमांक मिळाला. कल्पना उत्तम, कारण नंबर मुलाबरोबर फिरणार. पण एक मूल एका वेळी एकाच शाळेच्या पटावर असू शकतं. चिमी मुक्कामाच्या गावातून निघाली तरी तिचं नाव जुन्या शाळेच्या पटावर राहतं, आणि जुनी शाळाही ते सोडायला नाखूश असते. पट कमी झाला तर शिक्षकाचं पद जातं. नव्या गावचे गुरुजी भले असले तर चिमीला वर्गात बसू देतात, खिचडी देतात, पण संगणकाच्या दृष्टीनं ती तिथं नसते. दोन गावांत मिळून ती हजर असते आणि दोन्हीकडे तिची गैरहजेरी लागते.

यावर महाराष्ट्रात एक साधी युक्ती निघाली: शिक्षण हमी पत्रक. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शाळेनं एक पत्र द्यायचं. मूल अमुक इयत्तेतलं आहे, त्याला एवढं येतं, आपल्या शाळेत बसू द्या. परतल्यावर पहिली शाळा त्याला सामावून घेते. आजारी माणूस गाव बदलताना जुन्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जातो, तसंच हे. जिथं चिठ्ठी देणारा आणि घेणारा दोघं फोनवर बोलतात तिथं ती चालते. नुसती चिठ्ठी खिशात भिजून जाते.

आता जातीचा दाखला. वाचकांपैकी ज्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. विमुक्त-भटक्यांची यादी राज्यानं २१ नोव्हेंबर १९६१ रोजी लागू केली. म्हणून या गटाचा दाखला हवा असेल तर आपलं कुटुंब त्या तारखेला वा त्याआधी महाराष्ट्रात राहत होतं, असा पुरावा लागतो. हिशेब करू. मूल जन्मलं २०१५ मध्ये, बाप १९९० मध्ये, आजा १९६५ मध्ये. म्हणजे पणजोबांचा कागद हवा. आणि १९६१ मध्ये पणजोबा गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरत होते. त्यांना सातबारा नव्हता, घरपट्टी नव्हती, शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

यातला विचित्र विनोद असा, की ज्यांचे पूर्वज इंग्रजांच्या गुन्हेगार नोंदवहीत होते त्यांचा निदान कागद तरी निघू शकतो. जो कधीच संशयित नव्हता, साधा पिंगळा होऊन पहाटे गावाचं भलं चिंतत फिरला, त्याची नोंद कुणी केलीच नाही.

५. याडी आणि आई

पहिलीच्या पुस्तकात आईचं चित्र असतं. बंजारा तांड्यावरून आलेलं मूल त्या चित्राकडे बघून 'याडी' म्हणतं. बरोबर उत्तर. पण बाई म्हणतात, "आई म्हण." मूल चुकलेलं नाही, तरी त्याला आपण चुकलो असं वाटतं आणि पुढच्या चित्राला ते तोंड उघडत नाही.

महाराष्ट्रातल्या भटक्यांच्या बोली म्हणजे एक छोटा भारतच आहे. वडारांची आणि वैदूंची बोली तेलुगूच्या वळणाची, कैकाड्यांची तमिळच्या नात्यातली, पारध्यांची गुजरातीकडे झुकणारी, बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी घराण्यातली. गोंधळी, वासुदेव मात्र अस्सल मराठी, आणि तीही अशी की आपल्याला लाज वाटावी. शिक्षकानं या सगळ्या बोली शिकाव्यात असं कुणी म्हणत नाही. वर्गातल्या चार मुलांचे वीस-पंचवीस शब्द भिंतीवर मराठीशेजारी लिहिले तरी पहिले तीन महिने निभतात. मी हे एका जिल्हा परिषद शाळेत पाहिलं आहे. भिंतीवर पाणी, भाकरी, आई, शेळी, ये, बस असे साधे शब्द होते आणि प्रत्येकापुढे दुसऱ्या रंगाच्या खडूनं मुलांनी सांगितलेला शब्द. बाईंचा उच्चार चुकला की सगळा वर्ग हसायचा. त्या वर्गात मास्तरीण चुकत होती आणि मुलं तिला शिकवत होती, ही गोष्ट बाकी कुठल्याही साहित्यापेक्षा स्वस्त होती.

६. पेन्सिल हरवते तेव्हा

वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिल्यांदा दप्तर कुणाचं तपासतात? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही.

ही नजर वर्गाबाहेरही आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची होती. त्यानंतर पालावरच्या आयांनी मुलांना लांबच्या शाळेत एकटं पाठवायला का कू केलं असेल, तर त्याला आपण 'शिक्षणाविषयी उदासीनता' म्हणायचं का?

लक्ष्मण माने यांचं 'उपरा', दादासाहेब मोरे यांचं 'गबाळ', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही आत्मकथनं १९८० च्या दशकात आली आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा शाळा आतून नव्हे, दाराबाहेरून दिसली. 'उपरा' आणि 'उचल्या' या दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बी. एड. च्या वर्गात ती अभ्यासाला असावीत असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे.

७. शाळा उठून गेली तर?

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती 'कुरणशाळा'. वारली भटके नाहीत, पण सूत्र तेच: मूल जिथं आहे तिथं फळा न्यायचा.

पालावरची शाळा हे त्याचंच पुढचं रूप. पालांच्या मधल्या मोकळ्या जागेत संध्याकाळी दोन तास. शिकवणारा बहुधा त्याच समाजातला दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. ही खऱ्या शाळेची जागा घेत नाही आणि घेऊही नये. ती शाळेच्या दाराशी नेऊन सोडणारी पायरी आहे. पालावर मुलाला बसायची, वही धरायची, वेळ पाळायची सवय लागते, आणि मुख्य म्हणजे आईबापांना कळतं की पोराला काही तरी येतंय.

ठाण्याला तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. कंटेनरमध्ये वर्ग, आंघोळीची सोय, खेळायला जागा. मराठवाड्यातून आलेल्या, त्याच सिग्नलवर गजरे विकणाऱ्या कुटुंबांची मुलं तिथं शिकू लागली, आणि त्यातली काही दहावी पार करून पुढं गेली. मागच्या रांगेतल्या त्या पहिल्या प्रश्नाला इथं उत्तर मिळतं. शाळा रस्ता ओलांडून आली, तेव्हा मुलंही आली.

दुसरा मार्ग निवासी शाळेचा. विमुक्त-भटक्यांसाठीच्या अनुदानित आश्रमशाळा राज्यात नऊशेहून जास्त आहेत. दर्जा फार कमी-जास्त: काही ठिकाणी मनापासून काम, काही ठिकाणी पट फक्त तपासणीच्या दिवशी भरलेला. काही प्रयोग व्यक्तींच्या जिद्दीवर उभे राहिले. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालते. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या पारधी शिक्षकानं नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'. पुढं समृद्धी महामार्गाच्या आखणीत या शाळेचाच काही भाग आला. नाव किती नेमकं होतं पाहा.

निवासी शाळेची एक किंमत आहे आणि ती सरकारी अहवालात येत नाही. सहा वर्षांचं मूल आईपासून तोडायचं. पालावरची आई ज्या मुलाला झोळीत पाठीशी बांधून दहा गावं हिंडली, ते तिनं एका इमारतीत सोडून यायचं. ते मूल पहिल्या आठवड्यात पळून जातं, तेव्हा आपण वैतागतो. मी असतो तर मीही पळालो असतो.

म्हणून मला तिसरा मार्ग जास्त पटतो: मुलाला त्याच्या गावातच ठेवायचं. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, बीड-जालन्याकडची कुटुंबं कोयता घेऊन निघतात. त्यांत वंजारी आणि बंजारा पुष्कळ. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. नंतर भर दिला गेला तो हंगामी वसतिगृहांवर. नाव मोठं आहे, पण बऱ्याच गावांत प्रत्यक्षात होतं ते एवढंच: मूल आजीपाशी आपल्याच घरी राहतं, आपल्याच शाळेत जातं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती देते. आजीला नातवाला सांभाळायचं असतंच, तिच्यापाशी दाणे नसतात. तेवढी भाकरी दिली की मूल मागं राहतं. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ती मोठ्या मुलांसाठी हवीच, पण लहानग्यांसाठी आजीच्या चुलीला तोड नाही.

मुलींचं गणित आणखी वेगळं. बारा-तेरा वर्षांची मुलगी पालावर एकटी ठेवता येत नाही आणि कामाला नेली तर धाकटं भावंड तिच्याच कडेवर असतं. मग 'लग्न उरकून टाकू' हा विचार येतो. सहावी-सातवीला मुलींची गळती का होते, ते इथं बघावं.

८. पैशाचा हिशेब

थोडक्यात बोलू. १९९२ मध्ये राज्यानं दारिद्र्यरेषेखालच्या मागास मुलींना पहिली ते चौथीपर्यंत उपस्थिती भत्ता सुरू केला: दिवसाला एक रुपया. वर्षात जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा एका रुपयात काही तरी येत असे. तो भत्ता वर्षानुवर्षं एक रुपयाच राहिला.

केंद्रानं २०२२ मध्ये विमुक्त-भटक्यांसाठी 'सीड' नावाची योजना आणली. शिकवणी, आरोग्यविमा, रोजगार, घरं, सगळं त्यात. पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये. आकडा ऐकून बरं वाटतं. आता भागाकार करू, चिमीला न भेटलेला. वर्षाला ४० कोटी. बाळकृष्ण रेणके आयोगानं २००८ मध्ये देशातल्या या लोकांची संख्या दहा कोटींच्या घरात सांगितली होती. ४० कोटी भागिले १० कोटी: माणशी वर्षाला चार रुपये.

९. "मग मी काय करू?"

मागच्या रांगेतल्या माणसाचा पुढचा प्रश्न हा असतो आणि तो प्रामाणिक असतो. कपडे वाटू नका असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गावाबाहेर पाल पडलं असेल तर जुन्या कपड्यांच्या गाठोड्याआधी एक दिवस द्या. मुलाला हाताला धरून जवळच्या शाळेत जा, कलम ४, ५ आणि १४ तोंडपाठ करून जा, आणि मुख्याध्यापकांशी भांडू नका. बहुतेकदा त्यांनाही मूल हवंच असतं, अडचण रकान्याची असते. मुलाच्या सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत पालावर द्या आणि एक स्वतःपाशी ठेवा. पालात पाणी शिरतं, शेळी वही खाते, अतिक्रमण हटवणारी गाडी अख्खं बिऱ्हाड उचलते. दुसरा संच तेव्हा कामी येतो. आणि फोटो काढू नका.

माझ्या ओळखीचे एक जिल्हा परिषदेचे गुरुजी आहेत. निवृत्तीला आले आहेत. दसऱ्याआधीच्या आठवड्यात ते नंदीवाल्यांच्या पालावर जातात, घोंगडीवर बसतात, काळा चहा पितात आणि प्रत्येक बापाला विचारतात, "कुठं कुठं जाणार आबा?" सोबत गेलो होतो तेव्हाची गोष्ट. म्हातारा नंदीच्या गळ्यातली घुंगरं सारखी करत होता. त्यानं सांगायला सुरुवात केली. आधी बाजाराचं गाव, मग ओढ्याकाठचं, मग जिथं पाटील भाकरी देतो ते, मग कारखान्याजवळचं. प्रत्येक गावापुढे किती रात्री तेही. गुरुजी लिहीत होते. त्या गावांतल्या ज्या शिक्षकांना ते ओळखत होते त्यांच्या नावापुढे खूण करत होते, रात्री फोन करायला. सतराव्या गावाला पान संपलं. म्हातारा थांबला नाही. गुरुजींनी वही उलटी केली, मागच्या पानावर गेल्या वर्षीच्या हजेरीचा हिशेब होता, त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि म्हणाले, "हां, माघी पौर्णिमेला कुठं?"